पिंपळवंडीचा अरब

पिंपळवंडीत कांदा पिकवणारे पुष्कळ, पण कांदा धरून ठेवावा तर तो भगवंतअण्णांनी. काढणी झाली की बाकीचे लोक व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत गोण्या भरायला घेत. अण्णा मात्र सगळा माल बराखीत टाकत. बराखी म्हणजे काही महाल नव्हे. दगडांवर उचललेलं लांबट खोपट, दोन्ही अंगांना तुराट्यांचे कूड आणि वर उसाचं पाचट. कुडाच्या फटींतून वारा इकडून शिरावा नि तिकडून निघावा, म्हणजे कांदा चार-पाच महिने निमूट पडून राहतो. वारा हीच बराखीची सगळी करामत. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, आणि अण्णांची तर साठी आलेली. तरीही त्यांनी त्या वर्षी जे करायचं ते केलंच.

बराखी उघडली की पहिली गाडी संपतची, हा रिवाज होता. संपत गावातलाच टेंपोवाला, अण्णांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यानं पहिलावहिला टेंपो आणला तेव्हा कुणी त्यात माल भरायला धजेना, तेव्हा अण्णांनीच आपला कांदा त्यात चढवला होता. तेव्हापासून दर साली अण्णांची बायको साळुबाई टेंपोला हळदकुंकू लावायची, चाकापुढं नारळ फुटायचा आणि गाडी माळशेज घाट उतरून वाशीच्या मार्केटला जायची. भाड्याचं बोलणं दारात कधीच होत नसे. वाशीचा आडत्या मालाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, गाडीभाडं कापून घेई आणि परस्पर संपतच्या हातावर ठेवी. दारात पैशाचं नाव काढणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. रोज सकाळी आळेफाट्याकडे निघताना संपत अण्णांच्या घरासमोर दोनदा हॉर्न वाजवी, आणि अण्णा ओट्यावरून हात वर करत. एवढ्यात दोघांची ख्यालीखुशाली होऊन जाई.

दोन हजार आठ सालच्या जूनमध्ये सरकारनं पेट्रोल, डिझेल आणि गॅस एका दमात महाग केला. दोन-तीन दिवसांनी संपत अण्णांच्या ओट्यावर येऊन बसला. साळुबाईनं चहा दिला. तो त्यानं बशीत ओतला आणि नुसताच फुंकत राहिला.

"अण्णा, एक बोलायचं व्हतं."

"बोल की."

"औंदा गोणीमागं भाडं जरा वाढवावं लागंल. डिझेलनं लई मारलंय. पट्टीतला आकडा बघून तुमाला धक्का नगं, म्हणून आदीच सांगाया आलो."

किती भला माणूस, नाही का? एखाद्यानं गुपचूप भाडं वाढवलं असतं. पण अण्णांचं डोकं भलतीकडेच गेलं. ओट्यावर गावातले आणखी दोघं-तिघं बसले होते, आणि त्यांच्यादेखत दारात पैशाचं बोलणं निघालं, हे त्यांना झोंबलं.

"तेल तिकडं अरबानं म्हाग केलं," ते म्हणाले, "आन् त्याचं निमित्त करून तू हितं आमाला कापतो व्हय? म्हंजी पिंपळवंडीत बी एक अरब निघाला म्हनायचा!"

बसलेले खो खो हसले. संपत हसला नाही. त्यानं भरलेली बशी खाली ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"अण्णा, मी येईन," तो म्हणाला. "पण आता बोलवायचं तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो घरावरून गेला तो मुक्यानंच. अण्णांचा हात अर्ध्यावर आला होता. त्या हातानं त्यांनी डोकं खाजवलं.

अण्णांचा मुलगा ऋषी चाकणच्या कंपनीत कामाला होता. रविवारी तो घरी आला की अण्णा त्याच्याकडून जगाची खबर काढत. त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"आरं, एवढं तेल जातंय तरी कुटं?"

"चीनला लागतंय, आपल्याला लागतंय," ऋषी म्हणाला. "गाड्या वाढल्या, कारखाने वाढले. तेलाच्या विहिरी मात्र त्याच. आन् किती उपसायचं ते तेलवाले देश आपसात ठरवत्यात. त्यांनी हात जरा आखडला की भाव वर."

"म्हंजी माल धरून ठेवत्यात."

"तेवढंच न्हाई अण्णा. कुठं लढाई पेटंल, कुठं पाइप फुटंल, ह्याची धास्ती असती. उद्या मिळंल का न्हाई, म्हणून जो तो आजच घेऊन ठेवतो. ज्यांना तेलाचा थेंब नको असे पैशेवाले बी पुढच्या महिन्याचं तेल कागदावर घेत्यात आन् चढलं की विकत्यात. परत समदा यव्हार डॉलरात. रुपया घसरला की आपल्याला अजून म्हाग."

"आन् त्या विहिरींत नेमकं किती तेल हाय, ते कुणाला ठावं?"

"तिथंच तर गोम हाय. ते सांगतील तेवढं खरं. न दिसण्यावरच निम्मा भाव."

साळुबाई आत भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग त्ये आपल्यावानीच की! आपुन बराखीत कांदा धरून बसतो, तवा ममईच्या बाया बी आपल्याला असंच शिव्या घालत असतील."

ऋषी हसायला लागला. अण्णांनी बायकोचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. त्यांच्या डोक्यात ऋषीचं शेवटचं वाक्य मात्र घट्ट बसलं. न दिसण्यावरच निम्मा भाव! त्यांना आठवलं की व्यापारी येतो, बराखीच्या फटींतून डोकावतो, माल किती उरलाय याचा अदमास घेतो आणि मगच दर सांगतो. म्हणजे आजवर आपण आपल्या हातानं आपली विहीर उघडी ठेवली होती तर! मनातल्या मनात त्यांनी हिशेब मांडला. डिझेल चढलं म्हणजे सगळं चढणार, सगळं चढलं म्हणजे कांदाही चढणार. फक्त धीर धरायचा आणि माल कुणाला दिसू द्यायचा नाही.

सोमवारी त्यांनी नारायणगावातून प्लॅस्टिकचा काळा कागद आणला आणि बराखी चारही अंगांनी गुंडाळून टाकली.

साळुबाई कपाळाला हात लावून उभी राहिली. "अवं, कांद्याला वारं लागतं! गुदमरंल त्यो."

"अरब तेलाला वारं घालतो काय?"

"तेलाला काय कोंब फुटत्यात?"

"तुला बाजार कळत न्हाई," अण्णा म्हणाले. घरातल्या भांडणात हे वाक्य आलं की पुढं बोलायचं नसतं, हे साळुबाईला संसाराच्या अनुभवानं ठाऊक होतं. ती घरात निघून गेली.

मग पावसाळा लागला. व्यापारी एकदा आला, काळ्या कागदाभोवती एक चक्कर मारली, फट कुठं सापडेना. अण्णा ओट्यावरून मिशीत हसत होते. "माल दावा की," तो म्हणाला. "दर बोला, मंग दावतो," अण्णा म्हणाले. व्यापारी खांदे उडवून शेजारच्या बराखीकडे वळला, तिथला माल त्याला दिसत होता, आणि त्यानं तो घेतला. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "अण्णा, डिझेल चढलं म्हणून वाशीत कुणी कांद्याला जास्त देत न्हाई. गाडीला जास्त गेलेलं तुमच्याच दरातून तुटतं."

हे अण्णांना लागलं. पण माघार घेईल तो भगवंत कसला! गावातल्या टवाळांना मात्र आयतंच कोलीत मिळालं. अण्णांनी संपतला बहाल केलेली पदवी त्यांनी उचलली आणि अण्णांच्याच गळ्यात घातली. पारावरून अण्णा जाऊ लागले की कुणीतरी हळूच विचारी, "काय अरब, आज विहिरीला पाणी किती?"

तेही अण्णांनी सोसलं असतं. त्यांना सोसत नव्हता तो सकाळचा मुका टेंपो. इंजिनाचा आवाज लांबून आला की त्यांचे कान उभे राहत, हातातला पेपर खाली होई, आणि टेंपो तसाच निघून गेला की त्यांचा चहा कडू होऊन जाई. खरं सांगायचं तर भावापेक्षा त्या दोन हॉर्नचीच त्यांना जास्त रुखरुख लागली होती. पण 'आता बोलवायचं तुमी' हे वाक्य मधे धोंड्यासारखं पडलं होतं, आणि ते उचलायला अण्णांची मान वाकत नव्हती.

गणपती गेले आणि एका सकाळी अण्णांना वास आला. बराखीच्या पुढच्या बाजूनं, कागदाच्या खालून, तपकिरी पाणी पाझरत होतं. इकडंतिकडं बघून अण्णांनी कागदाची कड उचलली आणि तुराट्यांच्या फटीतून दोन बोटं आत घातली. आत उबारा होता. बोटांना लागलेला कांदा लिबलिबीत होता. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि तिथंच दगडावर बसले. वर्षाचं पीक आत होतं. पुढचं सडलं म्हणजे मागचंही सडलं असणार, कारण झाकलं तर सगळंच होतं. आपल्या हातानं आपण हे केलं, आणि एका हट्टापायी केलं, हे त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. डोळ्यांत पाणी आलं. जे काय शिल्लक असेल ते लगोलग काढून, निवडून बाजारात घालणं हाच एक इलाज होता, आणि त्याला गाडी हवी होती.

ते आधी बहिरूकडे गेले. बहिरूचा पिकअप होता. त्यानं भाड्याचा आकडा सांगितला तेव्हा अण्णा चमकले.

"आरं, संपतनं बी एवढं मागितलं न्हवतं."

"त्यो येडा हाय अण्णा," बहिरू म्हणाला. "आमी समद्यांनी भाडं वाढवलं, त्यानं आमच्या निम्मंच वाढवलं. जुनी गिऱ्हाईकं हायती म्हणतो. बाकीचं सोताच्या खिशातून घालतोय."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो आपल्याला सांभाळायला आला, त्यालाच आपण चारचौघांत लुटारू ठरवलं. आता मात्र मान वाकली. ते घरीसुद्धा गेले नाहीत, सरळ रस्त्यावर येऊन जीपला हात केला. संपत कुठं असेल ते बहिरूनं सांगितलं होतं. भाव परत वाढणार अशी अफवा उठली होती, आणि आळेफाट्याच्या पंपावर सकाळपासून रांग लागली होती.

रांग म्हणजे जत्राच होती. टेंपो, ट्रॅक्टर, ट्रक, आणि गाड्या नसलेली माणसंसुद्धा. कुणाच्या हातात कॅन, कुणाच्या खांद्यावर पिंप, एक बाई तर पाण्याची कळशीच घेऊन आली होती. पंपावरचा माणूस घसा फोडून ओरडत होता, "आवो, टँकर रोजच्याइतकाच आलाय! पण आठ दिवसांचं तुमाला आजच पायजे, मंग कसं पुरंल?" कुणी ऐकत नव्हतं. जो तो पुढच्याच्या कॅनकडे बघत होता आणि आपला कॅन लहान पडला म्हणून हळहळत होता.

अण्णा बघतच राहिले. ऋषीनं सांगितलेलं सगळं जग इथं फाट्यावर येऊन उभं होतं. तेल कमी नव्हतं. उद्या कमी पडेल ही धास्ती होती, आणि त्या धास्तीनंच ते कमी पडत होतं. आणि या रांगेतल्या सगळ्यांच्या वरताण काळ्या कागदाची आपली बराखी!

संपतचा टेंपो रांगेत बराच पुढं होता. तो स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. शेजारी कॅन नव्हता, पिंप नव्हतं.

अण्णा खिडकीशी जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते जीपमध्ये घोकलं होतं, ते सगळं विसरलं.

"तू कॅन न्हाई आणला?" त्यांनी विचारलं.

संपतनं त्यांच्याकडे पाहिलं. "साठवू कुटं अण्णा? माझ्याकडं बराखी न्हाई."

अण्णांना हसू आलं आणि रडूही. त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली. "संपत, बोलवाया आलोय. कांदा सडला रं. आन् त्या दिवशी मी लई वंगाळ बोललो. चुकलं माझं."

संपतनं पुढं बघितलं, तीन-चार गाड्याच राहिल्या होत्या. मग त्यानं डिझेलच्या काट्यावर बोट आपटलं.

"वाशीपतूर जाईल," तो म्हणाला. "येतानाचं येताना बघू. बसा आत."

"आरं, आता तर नंबर लागंल तुजा."

"डिझेल उद्या मिळंल. सडका कांदा उद्यापतूर थांबतो व्हय?"

सकाळपासून धरलेला नंबर सोडून संपतनं टेंपो रांगेतून बाहेर काढला. मागच्या गाडीवाल्याला तर सुखाचा धक्काच बसला.

घरी आल्यावर कागद फाडायला सुरुवात झाली. पुढची बाजू उघडली आणि सगळ्यांनी नाकाला पदर-उपरणी लावली. काजळी धरलेले, फुटलेले, वीतभर कोंब आलेले कांदे भसाभस बाहेर पडले. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मागच्या बाजूला जायलाच तयार होईनात.

"तुमीच बघा," ते म्हणाले. "माझ्यानं न्हाई बघवत."

साळुबाई मागच्या बाजूला गेली आणि तिथून तिनं हाक मारली, "संपतभाऊ, हिकडं या. आन् ह्यांना बी आणा."

संपतनं अण्णांना दंडाला धरून मागं नेलं. मागचा कागद वर गुंडाळून सुतळीनं बांधलेला होता. तुराट्यांच्या फटींतून कांदे दिसत होते, लालबुंद, कोरडे, वरचं टरफल कागदासारखं वाजणारे. साळुबाईनं एक काढून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो दाबला. टणक होता. दुसरा घेतला, तोही टणक. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. आत गारवा होता आणि वारा चक्क बोटांना लागत होता.

"ह्यो कागद कुणी वर केला?"

"मी," साळुबाई म्हणाली. "तुमी रोज सकाळी ओट्यावर बसला की वर बांधायची, आन् तुमी उठायच्या टायमाला परत सोडायची. पुढच्या बाजूला तुमचा ओटा, तुमचा पहारा. तिथं काय करू? जेवढं तुमच्या नजरेआड व्हतं तेवढं राखलं."

मग संपतला हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की त्याला बराखीचा कूड धरावा लागला. साळुबाई पदर तोंडात धरून हसायला लागली. अण्णा त्या दोघांकडे बघत राहिले, हातातल्या कांद्याकडे बघितलं, आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तेही मटकन खाली बसून हसायला लागले. त्यांनी सुस्कारा सोडला तो पार बेंबीच्या देठापासून. पीक वाचलं होतं. चार आणे गेलं, बारा आणे राहिलं, आणि ते बायकोनं राखलं होतं.

"बाजार मला कळत न्हाई," साळुबाई म्हणाली.

"न्हाई," अण्णा म्हणाले, "त्यो मला कळत न्हाई."

संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायांनी येऊन कांदा निवडला, गोण्या शिवल्या, टेंपो भरला. टेंपोला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. भाड्याचं कुणी बोललं नाही. निघताना अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "आडत्याला सांग, बहिरूचं जे भाडं हाय त्येच माझ्या पट्टीत लाव." संपतनं मान डोलावली आणि प्रत्यक्षात आधी सांगितलेलंच भाडं लावलं, हे अण्णांना पट्टी आल्यावर कळलं. वाशीला दर बरा मिळाला, फार चढा नाही आणि पडेलही नाही. अण्णांनी पट्टी देवासमोर ठेवली.

परत आल्यावर संपत दुसऱ्या सकाळी फाट्याकडे निघाला. अण्णा ओट्यावर पेपर वाचत असल्याचं सोंग करत बसले होते. टेंपो घरासमोर आला आणि हॉर्न दोनदा वाजला. अण्णांनी हात वर केला तो टेंपो वळणाआड जाईपर्यंत खाली घेतलाच नाही.

पुढं दिवाळीच्या सुमाराला तिकडं परदेशात तेल पार गडगडलं. ऋषी म्हणाला, आता त्याच पैशेवाल्यांना विकायची घाई झाली आहे, चढवणारी धास्ती आता उलटी पळतेय. आपल्या पंपावर मात्र काही हलेना. अण्णांनी संपतला त्याचं कारण विचारलं.

"तेलाचं समदं उलटं हाय अण्णा," संपत म्हणाला. "आपुन लेण्याद्रीच्या पायऱ्या धापा टाकत चढतो आन् उतरताना पळत सुटतो. ह्ये चढताना पळतं आन् उतरताना पायरीपायरीला बूड टेकतं."

अखेर डिसेंबरात पंपावरचं डिझेल दोन रुपयांनी उतरलं. दोन-तीन दिवसांनी संपत अण्णांच्या ओट्यावर येऊन बसला. ओट्यावर जूनमधलेच दोघं-तिघं होते. साळुबाईनं चहा दिला. संपतनं तो बशीत ओतला आणि नुसताच फुंकत राहिला.

"अण्णा, एक बोलायचं व्हतं."

अण्णांच्या हातातली सुपारी थांबली. "बोल की."

"डिझेल उतरलं. आता गोणीमागं भाडं कमी घेतो. पट्टीत बघून तुमाला कोडं पडू नये, म्हणून आदीच सांगाया आलो."

ओट्यावर कुणी हसलं नाही. बहिरूनं भाडं उतरवलं नव्हतं, बाकीच्या गाडीवाल्यांनीही नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी गळ्यातलं उपरणं डोळ्यांना लावलं आणि मग बसलेल्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलं का रं? भाव चढला म्हणून सांगाया तर कुनीबी येतो. उतरला म्हणून सांगाया आलेला ह्यो एकच."

संपतनं बशी उचलली आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. मग रिकामी बशी साळुबाईपुढं करत म्हणाला, "वैनी, अजून हाय का?"